कॅलेंडरातील कोळीण

अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर जी उपाहारगृहे आणि पर्यटकांची निवासस्थाने उभी राहिली आहेत, त्यांच्या भिंतींवर अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या चित्राची हौस दिसू लागली आहे. वाऱ्यावर उडालेला पदर, अंगाला चिकटलेले ओलेते लुगडे, कमरेवर मासळीची पाटी, मागे शिडाचे होडके आणि मावळता सूर्य. चित्र जुनेच असते असे नाही. पुष्कळदा ते आजचे असून १९५०-६०च्या कॅलेंडरांच्या रंगांत मुद्दाम रंगवलेले असते. पाहणाऱ्यास आजोळच्या भिंतीची आठवण व्हावी, हा त्यामागचा हेतू. आठवणींबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या स्त्रीचे म्हणून हे चित्र टांगले जाते, ती याच किनाऱ्यावर आजही पहाटे मासळी निवडत बसलेली असते. म्हणून या चित्रांकडे जरा निरखून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या चित्रांचे कुळ शोधू गेल्यास वाट राजा रविवर्म्याच्या छापखान्यापाशी पोहोचते. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्या छापखान्याने देवदेवता आणि अप्सरा एकाच तंत्राने, एकाच दराने घरोघर नेल्या. झोपाळ्यावरची मोहिनी आणि कमळावरची लक्ष्मी शेजारी शेजारी टांगण्याची सवय महाराष्ट्रास तेथून लागली. पुढे स्वातंत्र्याच्या आगेमागे दोन गोमंतकीय चित्रकारांनी मराठी मध्यमवर्गाच्या भिंती आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे व्यापून टाकली. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. दुसरे रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६). त्यांच्या देवतांना घराघरांत पूजा मिळाली आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही त्यांच्याच हातची. त्यांच्या वाटेने गेलेल्यांची संख्या मोठी आहे. किनाऱ्यावर आज टांगलेली चित्रे बहुतांशी या अनुकरणकारांच्या अनुकरणाची आहेत, हे दलाल-मुळगावकरांवर अन्याय होऊ नये म्हणून आधीच सांगितलेले बरे.

याच काळात अमेरिकेत ‘पिन-अप’ नावाचा प्रकार भरास आला होता. टाचणीने भिंतीवर लावायचे सुंदरीचे चित्र, असा त्या नावाचा सरळ अर्थ. गिल एल्व्हग्रेन या चित्रकाराने ब्राऊन अँड बिगेलो या कॅलेंडरे काढणाऱ्या कंपनीसाठी अशी शेकडो चित्रे केली. त्यांची युक्ती ठरलेली असे. कुत्र्याची साखळी पायांत गुंतते, झगा कुंपणाच्या तारेत अडकतो, आणि मुलगी चकित होऊन आपल्याकडे पाहते. तिने काही केलेले नाही आणि आपणही नाही. जे दिसले ते अपघाताने दिसले! आमच्या किनाऱ्यावरच्या चित्रांत कुत्रे आणि कुंपण लागत नाही. लाट आणि वारा तेच काम करतात. ज्या दर्यावर नवरा, दीर आणि मुलगा गेलेला असतो, ज्याला नारळ वाहिल्यावाचून होडी पाण्यात लोटत नाहीत, तो दर्या या चित्रांत पदर उडवण्यापुरता चाकरीस ठेवलेला असतो.

धर्मगुरूने अशा चित्रांवर लिहावे म्हणजे वाचकास अंगावरच्या वस्त्राची मोजदाद अपेक्षित असणार. त्या मोजदादीवर आमचा विश्वास नाही. त्रेंतच्या परिषदेनंतर, १५६५ साली, मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याया’तील देहांवर दानिएले दा व्होल्तेर्रा याच्याकडून वस्त्रे रंगवून घेण्यात आली. त्या बिचाऱ्याचे नाव पुढे ‘विजारी शिवणारा’ असेच पडले. आणि १९९४ साली, त्याच प्रार्थनामंदिरातील भित्तिचित्रांच्या स्वच्छतेनंतर, पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या स्थळास मानवी देहाच्या ईशज्ञानाचे मंदिर म्हटले. कोळणीचे लुगडे गुडघ्यापर्यंत वर असते, कारण तिला पाण्यात आणि चिखलात उभे राहावे लागते. त्याच कासोट्यात, वर फडकी घेऊन, ती देवापुढेही उभी राहते. तिच्या पोटऱ्या दिसतात याची लाज तिला कधी वाटली नाही. ती दुसऱ्यांनी चिकटवलेली आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. या चित्रांतील पाटीला वजन नाही. मासळीने भरलेली पाटी डोक्यावर घेतली की मान ताठ होते, खांदे खाली येतात, पावले आखूड आणि जलद पडतात. चित्रातली नायिका मात्र मान कलती करून उभी असते. पाटीखाली चुंबळ तर आम्ही क्वचितच पाहिली. चुंबळीवाचून पाटी चार पावलेदेखील टिकायची नाही. पाटीत असतो तो रुपेरी पापलेट. बोंबील नाही, सुकट नाही, जवळा तर नाहीच. हातांना खवले नाहीत, बोटांना काटे टोचल्याच्या खुणा नाहीत. आणि नजर! कोळीण गिऱ्हाइकाकडे पाहते ती भाव पाडून मागणाऱ्याला गप्प करण्यासाठी. घरच्या पैशाची थैली तिच्या कमरेला असते. चित्रातली नजर काहीच विकत नाही, फक्त बोलावते. कष्ट काढून घेतल्यावर उरलेल्या आकृतीला लुगडे नेसवून तिला कोळीण म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

दलालांच्या बाबतीत हे सर्वस्वी लागू नाही. त्यांच्या रेषेत चाल आहे; आकृती उभी असली तरी आता निघेल असे वाटते. मुळगावकरांचे तसे नाही. त्यांच्या रंगलेपनाचा गुळगुळीतपणा देवतेस शोभतो, तेथे तो तेजाचे काम करतो. परंतु तीच कांती, तेच डोळे आणि तीच जिवणी मानवी स्त्रीस दिली की लक्ष्मीने वेषांतर केल्यासारखे दिसते. कौशल्य अपूर्व, यात शंका नाही. पण आम्ही पसंत करू ती दलालांची रेषा.

कोळणीचे सौंदर्य आणि तिचे ओझे एकाच चित्रात मावत नाही, असे कोणी म्हणेल तर त्यास बी. प्रभा (१९३३–२००१) यांची चित्रे दाखवावीत. नागपूरजवळच्या बेला गावच्या या चित्रकर्तीने मासळीवाल्या स्त्रिया पुनःपुन्हा रंगवल्या. उंच, लांबट, सावळ्या, टोपल्यांशेजारी बसलेल्या किंवा उभ्या. त्या सुंदर आहेतच, पण आपल्याला पाहण्यासाठी थांबलेल्या नाहीत. एअर इंडियाने १९५६च्या सुमारास आपला चित्रसंग्रह सुरू केला तो प्रभा यांच्याच चित्रांपासून. म्हणजे कॅलेंडरांचा तो सुवर्णकाळ चालू असतानाच दुसरी नजरही उपलब्ध होती. भिंतींनी ती स्वीकारली नाही.

आमच्या भिंतींनी तरी काय केले? त्याच पिढीत आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) हा गोमंतकीय कॅथलिक पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात बसून पवित्र मरियेस साडी नेसवत होता. सावळी, अनवाणी, इथल्याच मातीतली आई. गोव्यातील धर्मनिष्ठांना ती रुचली नाही आणि त्यास आपली भूमी सोडावी लागली. आपल्या घरांत गोरी, निळ्या झग्यातील युरोपीय मरियाच राहिली. कोळणीस बाहुली करणारे कॅलेंडर आणि मरियेस परकी ठेवणारी तसबीर, दोन्ही एकाच खोलीत सुखाने नांदली. फोन्सेकाची बरीच चित्रे आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. गोव्यास जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ती अवश्य पाहावीत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पावसाळी पर्यटकांनी भरलेल्या त्या उपाहारगृहांत चित्रातली पाटी तेव्हाही पापलेटांनी भरलेली दिसते. बाहेर रस्त्याच्या कडेला, प्लास्टिकच्या आडोशाखाली, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील आणि सुकट मांडून बसलेली बाई असते. तिचे चित्र काढण्यास कोणी येणार असेल, तर त्याने आधी चुंबळ कशी वळतात ते तिच्याकडून शिकून घ्यावे.