असं झालं असणार!

मराठी माणूस देवभोळा की नास्तिक, याचा निकाल ज्याला हवा असेल त्यानं दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आठवडाभर बसून पाहावं. निकाल लागणार नाही, पण वेळ बरा जाईल. हनुमान आणि सुपरमॅन यांची कुस्ती मी याच गाडीत पाटस ते उरळी अशी संपूर्ण ऐकलेली आहे. लाल चड्डी दोघांचीही. पण एकानं ती विजारीवरून घातली, या तांत्रिक मुद्द्यावर सुपरमॅन बाद झाला. निकाल देणारे गृहस्थ दर शनिवारी मारुतीला तेल घालणारे होते. त्यामुळे पंच तटस्थ नव्हते असं कोणी म्हणेल, पण पंच तटस्थ असल्याचं आपण कुठल्या सामन्यात पाहिलंय?

माझ्या कॉलेजातल्या भाचीकडून कळलं की या उद्योगाला आता इंग्रजी नाव आहे. 'हेडकॅनन.' म्हणजे मूळ पुस्तकात लिहिलेलं नाही, पण आमच्या मते असं झालं असणार! ती आणि तिच्या मैत्रिणी हॅरी पॉटरमधल्या स्नेप मास्तरांवरून रात्र-रात्र भांडतात. सातवा आणि शेवटचा भाग २००७ साली आला, दुकान बंद झालं, तरी गिऱ्हाईक हटायला तयार नाही. मी तिला म्हटलं, "अगं, हे आमच्याकडे चालतच आलंय. फक्त आम्ही त्याला नाव दिलं नव्हतं." यावर ती 'मामा काहीही बोलतो' या चेहऱ्यानं हसली. म्हणून हा पुरावा सादर करतो.

आमच्या शाखेत एक शिरूरकर आहेत आणि एक दौंडकर. शिरूरकरांच्या तालुक्यात रांजणगावचा महागणपती. दौंडकरांचा सिद्धटेकचा सिद्धिविनायक. तो खरं म्हणजे भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात येतो, पण भक्त रेल्वेनं दौंडला उतरतात, या आधारावर दौंडकरांनी तो परस्पर आपल्या खात्यावर वर्ग करून घेतलेला आहे. रांजणगावची कथा अशी, की शंकर त्रिपुरासुराशी लढायला निघाले आणि गणपतीला वंदन करायचं राहिलं, म्हणून यश येईना. सिद्धटेकला हीच गत विष्णूंची. मधु आणि कैटभ आवरेनात. तेव्हा शंकरांनीच सांगितलं, "आधी गणपतीचं बघा."

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत दौंडकरांनी डबा उघडता उघडता विचारलं, "काय हो शिरूरकर, यातलं आधीचं कुठलं?"

"अर्थात आमचं. शंकराला स्वतःला ठेच लागली, म्हणून तर तो विष्णूला सल्ला देऊ शकला. अनुभवी माणूसच सल्ला देतो."

"चूक! मधु-कैटभ सृष्टीच्या आरंभाचे. त्रिपुरासुर मागाहूनचा. म्हणजे शंकरांनी आधी विष्णूंना नियम सांगितला आणि स्वतःची वेळ आली तेव्हा विसरले."

शिरूरकरांचा घास हातात राहिला. मग ते शांतपणे म्हणाले, "राव, म्हणजे शंकर हेड ऑफिसला होते असं म्हणा की!"

यात देवाचा अपमान झाला का? दोघेही चतुर्थीचा उपास सोडत नाहीत. उलट मला वाटतं, त्या दिवशी कैलासावरचे शंकर आमच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसले. हल्ली मात्र असं काही बोलायच्या आधी आजूबाजूला कोण बसलंय ते पाहावं लागतं. दौंडकरही पाहतात, आणि मग हळू आवाजात बोलतात. हे मला जास्त लागतं. देवाबद्दल हळू आवाजात बोलायची आपल्याकडे पद्धत नव्हती. चौफुल्याला गौळण ऐकलेल्या माणसाला हे सांगायला नको. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट साक्षात श्रीकृष्ण अडवतो, दाण मागतो, आणि मावशी त्याला अशी झाडते की जकात नाक्यावरच्या कारकुनानंही कधी तेवढं ऐकून घेतलं नसेल.

आता पुस्तकांकडे येतो, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. हजाराच्यावर हस्तलिखितं ताडून मूळचं किती आणि मागाहून घुसवलेलं किती, याचा हिशेब केला. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला याचं महत्त्व कोणी समजावून द्यायला नको. सत्तेचाळीस वर्षं चाललेलं बॅलन्सिंग, आणि शेवटी टॅली! यात कित्येक लाडक्या नोंदी तळटीपेत गेल्या. स्वयंवरात द्रौपदी 'मी सूतपुत्राला वरणार नाही' म्हणते, ती नोंदही गेली. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य तर संस्कृत महाभारतात नाहीच. ते आपणच तिच्या तोंडी घातलं आणि मग त्यावरून तिलाच बोल लावत बसलो.

खातं मिटवून वर्षही झालं नाही तोच १९६७ साली दोन मराठी पुस्तकं आली. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'. इरावतीबाईंनी माणसं समोर उभी केली, त्यांचे गुण-दोष सरळ वाचून दाखवले आणि कोणालाही वकील दिला नाही. सावंतांनी कर्णाला वकील दिला. नुसता वकील नव्हे, साक्षीदारही दिले. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी खुद्द कृष्ण. पुस्तक वाचून रडला नाही असा माणूस माझ्या पिढीत मिळणं कठीण. मीही रडलो आणि त्याची मला लाज नाही. पण झालं काय, की त्या अश्रूंत मूळची एक नोंद वाहून गेली. भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं उतरवा म्हणणारा हा कर्णच. ही नोंद चिकित्सक आवृत्तीतही कायम आहे. पण कर्णाच्या चाहत्यापुढे ती काढून पाहा. तो म्हणतो, "तसं तो मनापासून बोलला नसणार. परिस्थितीनं बोलायला लावलं."

भाचीच्या स्नेप मास्तरांचं हेच. वर्गातल्या पोरांना वर्षानुवर्षं छळलं, पण एका बाईवर मनापासून प्रेम केलं, तेव्हा हिशेब चुकता. मी भाचीला विचारलं, "छळलेल्या पोरांच्या खात्यावर काय जमा झालं?" ती म्हणाली, "मामा, तू फार कोरडा आहेस." असेन. पण निर्दोष ठरल्याशिवाय ज्याच्यावर जीव लावता येत नाही, त्याच्यावर जीव लावला असं कसं म्हणायचं?

आणि हे जमतं, याचा पुरावा आपल्याकडे आहे. जांभूळ आख्यान! विठ्ठल उमपांनी ते गाजवलं, पण कथा लोकांची. व्यासांच्या पोथीत तिचा पत्ता नाही. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येतं, हा सहावा असता तर! कृष्ण हे ओळखतो आणि पांडवांना रानात नेतो. भीम जांभूळ तोडतो, ते निघतं ऋषीचं. परत देठाला चिकटवायचं तर प्रत्येकानं मनातलं खरं सांगायचं. एकेक पांडव खरं बोलतो तसं जांभूळ वर चढतं. द्रौपदीपाशी अडतं. ती बोलते, तेव्हाच ते देठाला लागतं.

कर्णाला सभेत जे मिळालं नाही ते इथं मिळालं, आणि तेही कुणाची बाजू न धुता. द्रौपदी सती ती सतीच राहिली, तिच्या मनातला सहावाही राहिला, आणि गंमत म्हणजे ऐकणारा खो-खो हसत असतो. एका जांभळाएवढ्या गोष्टीत हे बसलं आहे. 'मृत्युंजय'च्या जाडजूड पानांत सगळं आहे, पण हे जांभूळ नाही.

अशी जांभळं आपल्या बायकांनी जात्यावर बसून ढिगानं पाडली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्या लाखाच्या पुढे आहेत. त्यांत विठ्ठल जनीबरोबर दळतो आणि रुक्मिणी रुसते. पंढरपुरात रुक्मिणी वेगळ्या देवळात का उभी, याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून ती रुसून निघाली ती दिंडीरवनात आली, आणि देव तिला शोधत आला. पण खरी चाहती उत्तरावर थांबत नाही.

तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. एका वर्षी वरवंडला मुक्कामाच्या दिवशी झाडाखाली पाच-सहा बायका पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्यातली एक शिकलेली सून तावातावानं म्हणत होती, "रुक्मिणीनं केलं ते बरोबर केलं. पण रुसली तर माहेरी का नाही गेली? तिचं माहेर विदर्भात, कौंडिण्यपूरला. रानात कशाला यायचं?"

मीही कान टवकारले. प्रश्न बिनतोड होता.

म्हातारी सासू तळव्याला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "जाईल कुठल्या तोंडानं? हिच्यापायी नवऱ्यानं भावाची हजामत करून सोडला होता. आन् ही रथात बसून बघत होती. बाई, माहेर तर तिनं त्याच दिवशी घालवलं."

कोणी काही बोललं नाही. सुनेनं सासूच्या हातातली तेलाची बाटली घेतली आणि तिचा दुसरा पाय आपल्या मांडीवर ओढला. "आन् म्हून त्यो शोधत आला," म्हातारी म्हणाली. "त्याला ठावं होतं, हिला दुसरं दार न्हाई."