गिटारीतला मध्यम

आमच्या प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. तापी आणि गोमाईच्या संगमावर केदारेश्वराचं देऊळ आहे, घाट आहे, आणि १९५४-५५ साली इथलं टेकाड खणलं तेव्हा खालून ताम्रपाषाणयुगातली मडकी निघाली. म्हणजे माणूस या गावात तीन-साडेतीन हजार वर्षं नांदतो आहे. एवढ्या काळात गिटारीचं दुकान काढावं असं मात्र एकालाही सुचलं नाही. टाळ घ्या, कापूर घ्या, ढोलकीची वादी घ्या. गिटार म्हटलं की तापीच्या पाण्यासारखं सुरतेच्या दिशेने निघावं लागतं.

मी हे दोन वर्षांपूर्वी केलं नाही, हाच माझा गुन्हा. नातीने हट्ट धरला तेव्हा एका बाजारातून अडीच हजारांची, पिकल्या जांभळाच्या रंगाची एक गिटार उचलून आणली. पोरगी दहा वर्षांची. बोटांना फोड येईपर्यंत तिने तारा दाबल्या, पण त्यातून जो आवाज निघे तो ऐकून आमची सौ. स्वयंपाकघरातून विचारी, "मांजर आलंय का हो आत?" तीन महिन्यांत गिटार खुंटीला लागली. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. शिवाय चौतीस वर्षं गणिताचा मास्तर. पेपर पूर्ण वाचण्याआधीच गुण देऊन टाकायची सवय. मी निकाल सांगितला, "बाळ, सूर अंगात असावा लागतो."

पोरगी काही बोलली नाही. मास्तरांच्या घरातली मुलं निकालाविरुद्ध अपील करत नाहीत.

या उन्हाळ्यात मात्र तिने केलं. मोबाईलवर सूर मोजायची सोय असते. तिने मोकळी तार छेडली. काटा बरोबर मध्यावर. मग बारावा पडदा दाबून तीच तार छेडली. काटा लांब पळाला. "आबा, हे मी केलं की हिने?"

आता बारावा पडदा म्हणजे तारेचा बरोबर मध्य. लांबी निम्मी झाली की तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, हे पायथागोरसच्या वेळेपासून ठरलेलं आहे. मी कंपासपेटीतली पट्टी आणून तार आणि पडदा यांतलं अंतर मोजलं. पाच मिलिमीटर! असायला हवं साधारण अडीच. एवढ्या उंचीवरून तार खाली दाबली की ती ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. म्हणजे पोर जितकी इमानाने दाबत होती तितकी बेसूर होत होती. गुन्हा गिटारीचा, निकाल माझा, आणि शिक्षा बारा वर्षांच्या पोरीला.

नंदुरबारहून गाडी पकडून आम्ही दोघं सुरतेला गेलो. खिशात दहा हजार आणि कंपासपेटी. दुकानात तीन गिटारी समोर आल्या, आणि त्यांचं परीक्षण आता तटस्थपणे करतो.

पहिली सहा हजारांची. बरोबर पिशवी, पट्टा, जादा तारा, वाजवायच्या टिकल्या, सगळं फुकट. अशा गिटारीकडे पाहताना मला नेहमी ते स्थळ आठवतं, ज्यात मुलाविषयी कोणी बोलत नाही, फक्त आहेराची यादी वाचतात. बारावा पडदा साडेतीन मिलिमीटर. रंग उत्तम. नापास.

तिसरी (दुसरीकडे येतोच) पंधरा हजारांची. हिची पुढची फळी अखंड स्प्रूस लाकडाची, ज्याला दुकानदार 'सॉलिड टॉप' म्हणत होता. आवाज खरोखर सुंदर. एक तार छेडली की खोलीभर पसरून राहते, आणि अशी फळी वर्षागणिक जास्त खुलते म्हणतात. पण तिला हवेतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, दारं आकसून कड्या लागेनाशा होतात आणि श्रावणात तीच दारं फुगून उघडत नाहीत. अखंड फळीला अशा हवेत तडा जायची भीती. तिच्यासाठी घरात कूलर लावायचा की तिच्यापासून कूलर लांब ठेवायचा, हाही प्रश्न होताच. शिवाय एवढी महाग वस्तू घरात आली की ती वाजवण्यापेक्षा पुसलीच जास्त जाते. माझ्या ओळखीतले किती तरी तंबोरे गवसणीतच म्हातारे झाले.

उरली मधली. यामाहाची एफ-३१०, साडेनऊ हजारांना. रंग लाकडाचा, भेटवस्तू शून्य. हिची पुढची फळी अखंड नाही, पातळ थर चिकटवून केलेली. आवाज तिसरीसारखा पसरत नाही, जरा लवकर मिटतो. हा दोष मी लपवत नाही. पण थरांची फळी ऊन-पावसाला सहसा दाद देत नाही. तारेची लांबी ६३४ मिलिमीटर, पुष्कळ गिटारींची ६५० च्या आसपास असते. म्हणजे लहान हाताला पडदे किंचित जवळ. आकार मात्र मोठा, पोरीची हनुवटी वर टेकत होती. या घाटाच्या गिटारींना 'ड्रेडनॉट' म्हणतात, १९०६ सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून. बाराव्या पडद्यावर पट्टी लावली: अडीच. मोकळी तार, दाबलेली तार. काटा दोन्ही वेळा मध्यावर. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आपण मध्यमवर्गीय लोक मध्यम वस्तू जरा ओशाळून घेतो. पण वाद्याच्या बाबतीत मध्यम किंमत एक फार मोठं काम करते. ती सौंदर्य विकत देत नाही, संशय तेवढा दूर करते. अशा वाद्यावर चूक झाली तर ती आपली चूक असते, आणि आपली चूक सुधारता येते.

गावात आल्यावर भजनी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "हाऊ काय तंबोरा शे का, भाऊ?" मी सांगितलं, ही कंपनी १८८७ साली ज्या वाद्यापासून सुरू झाली तो पायपेटीसारखा ऑर्गन होता; म्हणजे आपल्या पेटीची चुलतबहीणच. आणि आपल्या पेटीला तरी कुठे मान होता? १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर तिला बंदीच होती. ते "बरं, बरं" म्हणाले आणि गुरुवारी पोरीलाही घेऊन यायला सांगितलं.

जांभळी गिटारही वाया गेली नाही. सुरतेच्या दुकानातल्या पोऱ्याने उपाय सांगितला होता: खालच्या टोकाला तारांखाली पांढरी पट्टी असते, ती काढून पॉलिशपेपरवर घासायची. बाराव्या पडद्यावर एक मिलिमीटर कमी हवा तर पट्टी दोन मिलिमीटर घासायची. समरूप त्रिकोण! चौतीस वर्षं शिकवले, उपयोग आत्ता झाला. तार उतरली, काटा बराचसा जागेवर आला, आणि गिटार माझ्या वाट्याला आली.

रोज संध्याकाळी ती शिकवते, मी शिकतो. काल तिसऱ्यांदा तोच चुकीचा पडदा दाबला तेव्हा ती अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "आबा, सूर अंगात असावा लागतो."

मी लगेच पट्टी लावून पाहिली. या वेळी दोष गिटारीचा नव्हता.