‘मनुष्यबळ’ या शब्दातला माणूस

वाङ्मयीन समीक्षेच्या पानावर ‘मानव संसाधन व्यवस्थापन’ या विषयाला जागा का द्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. हा विषय वाणिज्य शाखेच्या वर्गात शिकविला जातो. त्यावर गाईडे निघतात, परीक्षा होतात आणि विद्यार्थी तो विसरून जातात. परंतु समाजाच्या जगण्याला आकार देणारे प्रत्येक लेखन हे समीक्षेचा विषय असते. कथा-कवितेची समीक्षा करायची आणि ज्या लेखनाच्या आधारे माणसे नेमली, बढवली आणि काढली जातात त्याकडे पाठ फिरवायची, हा वाङ्मयीन सोवळेपणा आपल्याला परवडणारा नाही.

१

प्रथम शब्द पाहू. माणूस हे ‘संसाधन’ आहे. जमीन, पाणी, कोळसा यांच्या रांगेतले. १९८५ साली केंद्र सरकारने शिक्षण खात्याला ‘मानव संसाधन विकास मंत्रालय’ असे नाव दिले आणि ते २०२० पर्यंत टिकले. म्हणजे पस्तीस वर्षे या देशात शाळेत जाणारे मूल शासकीय भाषेत साधनसामग्री होते. मराठीत ‘मनुष्यबळ’ हा शब्द रुळला. त्यात मनुष्य आहे खरा, पण तो बळाचे माप म्हणून येतो, अश्वशक्तीतला घोडा येतो तसा.

या शास्त्राच्या मूळ ग्रंथांत गणला जाणारा फ्रेडरिक टेलरचा ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरचा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोखंडाचे गोळे वाहणाऱ्या एका मजुराची कथा येते. तो दिवसाला साडेबारा टन लोखंड वाही. टेलरच्या पद्धतीने साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. मजुरी वाढली १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंटवर. काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक! या कामाला लागणारा माणूस बुद्धीने बैलाच्या जवळचा असावा, असेही टेलरने लिहून ठेवले आहे. पाठ्यपुस्तके आकडे देतात, बैल गाळतात.

आपल्याकडच्या गावगाड्याने हे शास्त्र फार पूर्वीच पूर्णत्वाला नेले होते. भरती जन्माने, प्रशिक्षण बापाकडून, बढती नाही, राजीनामा नाही आणि वेतन म्हणजे खळ्यावरचे बलुते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त जातिव्यवस्थेच्या समर्थकांना दिलेले उत्तर सर्वांना ठाऊक आहे. कामाची विभागणी कोणत्याही समाजात असते; येथे काम करणाऱ्यांचीच एकमेकांपासून फारकत केलेली आहे, आणि तीही उतरंडीने. हे विधान मानव संसाधनाच्या प्रत्येक भारतीय पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असायला हवे होते. मी शिकविताना हाताळलेल्या एकाही पुस्तकात ते मला आढळले नाही. तेथे नियोजन, निवड, प्रशिक्षण, मूल्यमापन, तक्रारनिवारण अशी प्रकरणे ओळीने येतात. जात येत नाही. भारतातील कारखान्याचे आणि कचेरीचे जातिविरहित वर्णन करणे म्हणजे पावसाचा उल्लेख टाळून वऱ्हाडातली शेती सांगणे होय.

२

पाठ्यपुस्तकांनी सोडलेली ही जागा कोणी भरली? आंबेडकरी चळवळीने आणि दलित साहित्याने.

मुंबईच्या कापडगिरण्यांत चांगल्या पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्याने विटाळ होईल, ही सबब. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, ही मांडणी तेथली. ती आपण वारंवार आठवतो. पण त्याच भाषणातला दुसरा भाग फारसा वाचला जात नाही. रेल्वेतला अस्पृश्य जन्मभर गँगमनच का राहतो? त्याला साधा हमाल म्हणूनही का घेत नाहीत? कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचीही कामे करवून घेतो, आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे! सरकारी पदाचे काम कोणते आणि साहेबाच्या घरचे कोणते, ही सीमा पुसली की जात आत शिरते, हे निदान त्यात आहे. कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात हे भाषण लावता येईल.

पंचवीस वर्षांनी, १९६३ साली, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. त्यातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो. नोकरी हाती आहे, पण राहायला खोली नाही. खोलीसाठी तो जात लपवितो. त्याच्या वाणीवर भाळलेली माणसे त्याला डोक्यावर घेतात आणि जात उघड होताच त्याला मारतात. या कथेची चर्चा आपण विद्रोहाच्या अंगाने पुष्कळ केली. तिचा दुसरा आशय असा की, नेमणुकीचा कागद आणि माणसाचे माणूसपण यांत अंतर आहे. शासनाने पद दिले. त्या पदाभोवतीची वस्ती, पंगत आणि स्नेह मात्र जातीच्याच ताब्यात राहिला. आणि जात न लपविता भिडणारा काशीनाथ आहे, त्यालाही स्वस्थता नाही. लपविणारा आणि न लपविणारा, दोघांनाही कामाशिवाय आणखी एक काम करावे लागते: जातीला तोंड देण्याचे. त्याचा मोबदला कोणत्याही वेतनश्रेणीत नाही.

३

सार्वजनिक क्षेत्राने आपल्या माणसांना दार उघडले, हे निर्विवाद आहे. आमच्या पिढीतले किती तरी जण त्या दारातूनच आत आले. परंतु आत आल्यावर कोणती यंत्रणा भेटते? तिचे सर्वांत बोलके वाङ्मय म्हणजे गोपनीय अहवाल. वरिष्ठ लिहीत असे, ज्याच्याविषयी लिहीत असे त्याला ते वाचायला मिळत नसे. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याचे प्रकरण २००८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. बढतीसाठी ‘अति उत्तम’ हवे होते. त्याच्या एका वर्षाच्या अहवालात ‘उत्तम’ होते आणि ते त्याला कळविलेच नव्हते. प्रत्येक नोंद संबंधिताला कळविली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. ‘उत्तम’ हा शब्दही माणसाला मारू शकतो, हे कवीने सांगितले असते तर आपण अतिशयोक्ती म्हटले असते.

‘कार्यक्षमता’ हा असाच शब्द. राखीव जागा आल्या की कार्यक्षमता बुडते, हे वाक्य कचेऱ्यांत इतक्या सहजपणे बोलले जाते की त्याला पुरावा लागत नाही. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी रेल्वेच्याच १९८० ते २००२ च्या आकडेवारीवर हा प्रश्न तपासला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. वरच्या पदांबाबत तर उलट, अनुकूल परिणामाच्या खुणा दिसल्या. ज्या रेल्वेत १९३८ साली आपला माणूस हमालही होऊ शकत नव्हता, त्याच रेल्वेने हे उत्तर दिले आहे. तरीही बढतीतील आरक्षणाचा महाराष्ट्राचा २५ मे २००४ चा शासननिर्णय ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. खालच्या पायरीवर आरक्षण सोसले जाते. वरची पायरी आली की गुणवत्ता आठवते.

सर्वांत खालच्या पायरीवर गुणवत्तेचा प्रश्न कोणी काढत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला सफाईची नोकरी मिळते. त्या घरांना या नोकरीचा आधार आहे, तिच्यासाठी संघटनांनी झगडा केला आहे आणि ती काढून घ्या असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. परंतु एवढे तरी विचारले पाहिजे की, वारसाहक्काने झाडूच का मिळतो? सचिवाच्या मुलाला वारसाने खुर्ची मिळत नाही. त्याला ती मिळविण्याची इतर साधने असतात. येथे कल्याणकारी शासनाने गावगाड्याचा नियम सेवाशर्तींत लिहून घेतला आहे.

४

खाजगी क्षेत्राची भाषा याहून गुळगुळीत आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतील मोठ्या कंपन्यांच्या पंचवीस मानव संसाधन व्यवस्थापकांशी बोलून २००७ साली लिहिले. आम्ही जात पाहत नाही, गुण पाहतो, असे या व्यवस्थापकांनी सांगितले. आणि मुलाखतीत विचारतात काय? कौटुंबिक पार्श्वभूमी. वडील काय करतात, भावंडे काय करतात, गावात वाढलात की शहरात.

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. एका संस्थेच्या मुलाखतीत माझा विषय बाजूला ठेवून वडिलांचा व्यवसाय विचारला गेला. सालगडी, असे मी सांगितले. पुढचा प्रश्न आलाच नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणजे किती अंतर चालून आलेला माणूस, याचे माप त्या मुलाखत मंडळाकडे नव्हते. त्यांच्या मापात बापाचे कापलेले अंतर मुलाच्या खात्यावर जमा होते आणि मुलाचे स्वतःचे अंतर वजा होते.

त्याच वर्षी आपल्या वऱ्हाडातले सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचे संशोधन आले. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावांचा. सवर्ण नावाच्या मानाने दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश भरला, मुसलमान नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. अर्जदार कोणी पाहिला नव्हता, त्याचे बोलणे ऐकले नव्हते. आडनावानेच मुलाखत दिली आणि आडनावच नापास झाले.

आता सार्वजनिक आणि खाजगी यांच्यामधली भिंतच पाडली जात आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांना बाह्य यंत्रणा म्हणून मनुष्यबळ पुरविण्यास नेमले. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी चार थरांची मांडणी होती. चार हा आकडा आपल्याला नवा नाही. विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करण्याची घोषणा झाली. निर्णय गेला, पद्धत राहिली. बिंदुनामावली पदाला लागते. ठेकेदाराने पाठविलेल्या माणसाला पदच नसते. संविधानाच्या सोळाव्या कलमाला हात न लावता ते रिकामे करण्याची ही युक्ती आहे.

वाशिमसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६०. मोठा कारखाना म्हणावा असा नाही. कापूस, सोयाबीन, तूर आणि त्यावरचे जिनिंग-दालमिल. २०१८ साली नीती आयोगाने त्याला ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातले. आकांक्षा खरीच आहे. ती पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावते आणि अभ्यासिकेत रात्री जागते. मालेगाव, मानोरा, मंगरूळपीरच्या बौद्ध, मातंग, बंजारा पोरांना शासनाची जाहिरात हाच एक उद्योग आहे. ती जाहिरात ठेक्यावर गेली की त्यांना उरते काय? वऱ्हाडात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. वर्ष संपले की मालकाच्या मर्जीवर पुढचे. अकरा महिन्यांचा नेमणूक-आदेश घेऊन उभा असलेला पदवीधर आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारा प्राध्यापक यांच्यात आणि सालगड्यात महिन्याभराचाच फरक आहे.

आणि अंगणवाडीतली बाई? तिला वेतन नाही, ‘मानधन’ आहे. ती कर्मचारी नाही, ‘सेविका’ आहे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा एका मोबदल्याच्या पद्धतीलाच त्यांनी साहित्याच्या वेशीवर टांगले होते. काम नक्की, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीचा आणि वर उपकाराची भाषा, ही बलुत्याची तीन लक्षणे मानधनाला लावून पाहावीत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानास पात्र आहेत असा निर्णय दिला. एका शब्दामागची लबाडी उघडी करायला इतकी वर्षे आणि इतके न्यायालय लागले.

५

शेवटी आपल्या साहित्याविषयी. दलित आत्मकथनांनी गाव, भूक, शाळा आणि वसतिगृह यांचे जे चित्रण केले त्याला मराठीत तोड नाही. परंतु त्यांतल्या अनेकांची वाट नोकरी लागेपर्यंत येते आणि तेथे लेखणी मंदावते, जणू नेमणुकीचा आदेश हा प्रवासाचा शेवट आहे. माधव कोंडविलकरांची ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९) ही शिक्षकाची दैनंदिनी आणि ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) यांसारखी लेखने वेगळी वाट दाखवितात. तरी कचेरीतला टेबल, बदलीचा आदेश, जातपडताळणीची फाईल, बढतीच्या आदल्या दिवशी उघडलेली चौकशी, हजेरीपटावर नाव नसलेला ठेक्याचा सफाई कामगार यांची कादंबरी अजून लिहिली जायची आहे. आपल्या शिकलेल्या वर्गाचे अर्धे आयुष्य या अनुभवविश्वात जाते. त्याविषयीचे आपले मौन प्रस्थापितांना सोयीचे आहे, कारण त्यातून सारे काही मार्गी लागल्याचा भास होतो.

कार्यकर्त्यांनी बिंदुनामावलीची नोंदवही मागून वाचायला शिकावे. तीही एक संहिता आहे आणि तिच्यातली रिकामी जागा सर्वांत अर्थपूर्ण असते. शिक्षकांनी मानव संसाधनाच्या पहिल्या तासाला मनमाडचे भाषण वाचून दाखवावे आणि दुसऱ्या तासाला बागुलांची कथा. विद्यार्थ्यांनी मुलाखतीला जाताना एवढे ध्यानात ठेवावे, की ‘वडील काय करतात’ हा प्रश्न वडिलांविषयीचा नसतो. आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी कचेरीतून घरी आल्यावर त्या दिवशी काय घडले, कोण काय बोलले, कोणत्या कागदावर कोणता शब्द लिहिला गेला, ते तारखेसह लिहून ठेवावे.