एकाकी शास्त्रज्ञाची कबुली

पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांची १९६१ सालची ‘सोलारिस’ ही कादंबरी आम्ही पवनारला, धाम नदीच्या काठी वाचली. परग्रहाचा अभ्यास करण्यास आलेल्या मानसशास्त्रज्ञ केल्विनच्या झोपेतून तेथील महासागर त्याची मृत पत्नी पुन्हा उभी करतो. केल्विनने सोडून दिल्यावर तिने आत्महत्या केली होती. तो तिला अग्निबाणात बसवून दूर धाडतो. पुन्हा झोप लागताच ती परतते. कादंबरीचे सारे बळ या प्रसंगात आहे. महासागराच्या संशोधनाची लांबलेली पाने मात्र थकवतात.

येथील आश्रमातून विनोबाजी विज्ञानाला अध्यात्माची जोड मागत. केल्विनजवळ ज्ञान आहे. ज्याच्यापुढे गुडघे टेकून क्षमा मागावी, असे कोणी नाही. पापनिवेदन ज्यांना केवळ सवय वाटते, त्यांनी हे एकाकीपण अवश्य वाचावे.