फाईलच्या नावातील तारीख : ग्राह्य आणि खरी

प्रस्तावना

जुन्या कागदपत्रांच्या संगणकीय प्रती करताना फाईलच्या नावातच कागदाची तारीख घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. पुढे सूची करताना पायथनसारख्या भाषेतील छोटा प्रोग्रॅम नावातील अंक शोधतो, त्यांची तारीख जुळवितो आणि ती दिनदर्शिकेत बसते काय, हे तपासतो. या तपासणीत उतरलेली तारीख खरी मानली जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

पद्धतीचे सामर्थ्य

केवळ अंकांची मांडणी पाहणारा प्रोग्रॅम ‘१९०२-०२-३१’ हेही स्वीकारतो. दिनदर्शिकेची कसोटी लावताच ही नोंद बाद होते. हजारो नावांतील लेखनदोष अशा रीतीने अल्पावधीत उघड होतात. ही उपयुक्तता निर्विवाद आहे.

मर्यादा

तथापि, ग्राह्य तारीख खरी असतेच असे नाही. राजर्षी शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. ‘०६-०५-१९२२’ हे नाव महिना आधी धरून वाचल्यास ५ जून होते. दोन्ही वाचने कसोटीला उतरतात. मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा करवीर दरबारचा आदेश २६ जुलै १९०२ चा आहे. ‘२६-०७-०२’ असे लिहिल्यास पायथन वर्ष २००२ धरतो. कारण त्याच्या नियमानुसार ०० ते ६८ हे अंक २००० ते २०६८ असे वाचले जातात.

उलटपक्षी, खरी तारीख बादही होऊ शकते. इंग्लंडने ग्रेगरीय कालगणना १७५२ मध्ये स्वीकारली. त्यामुळे तत्कालीन इंग्रजी गणनेत २९ फेब्रुवारी १७०० हा दिवस होता. पायथनची गणना मात्र सर्व काळासाठी ग्रेगरीयच असल्याने ती त्यास नाकारते. पेशवेकालीन कागदातील ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११७१, अर्थात इ. स. १७७०-७१. नावात नुसते ‘११७१’ घातल्यास कागद सहा शतके मागे जातो आणि प्रोग्रॅमला त्यात काहीही वावगे दिसत नाही.

हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. राजाराम महाविद्यालयात विज्ञान शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकात जंत्री सिद्ध केली. निरनिराळ्या कालगणना शेजारी शेजारी मांडून तारखांचा मेळ घालणे हे तिचे प्रयोजन होते. अंक वाचण्यापूर्वी गणना कोणती हे ठरविले पाहिजे, हा जंत्रीचा मूलभूत धडा आजच्या प्रोग्रॅममध्ये अभावानेच आढळतो.

निष्कर्ष

फाईलच्या नावात चार अंकी वर्ष, महिना, दिवस हा आयएसओ ८६०१ मधील क्रम पाळावा. त्यामुळे फाईली आपोआप कालानुक्रमे लागतात. मूळ कागदावरील मिती व तिची कालगणना सूचीत स्वतंत्र रकान्यांत नोंदवावी. दोन वाचने संभवत असल्यास प्रोग्रॅमने निवड न करता ती नोंद अभ्यासकापुढे ठेवावी. बाद नोंदी पुसून न टाकता कारणासह जपाव्यात. एका चुकीच्या तारखेने कागद सूचीत भलत्याच वर्षी जातो आणि संशोधकाच्या दृष्टीने तो हरवल्यासारखाच होतो. म्हणून यंत्राने तारीख तपासावी. तिच्या सत्यतेचा निर्णय मात्र मूळ कागद वाचणाऱ्याकडेच राहावा.