खासगी, पण कोणापासून?

गेली सतरा वर्षे मी परित्यक्ता स्त्रियांची पत्रे जमवते आहे. माझ्याकडे विद्यापीठाची पदवी नाही. पोटासाठी मी पोस्टातल्या आवर्ती ठेवीची एजंट आहे. घरोघर जाऊन हप्ते गोळा करायचे आणि पोस्टात नेऊन भरायचे. त्या फिरतीतच पहिली पत्रे हाती आली. कुणाच्या ट्रंकेत तळाशी, कुणाच्या देव्हाऱ्यामागे. सुरुवातीची काही वर्षे सगळा संग्रह कागदाचा होता. पुढे मोबाइल आले आणि जिल्ह्याबाहेरच्या काही जणी मला इ-मेलने लिहू लागल्या. पत्ता जुळवायला सोपा, फुकट आणि टपालखर्च नाही, म्हणून मला ते बरेच वाटले.

तीन वर्षांपूर्वी त्यातल्या एकीची पत्रे घरात वाचली गेली. ती भावाकडे राहत होती. खाते भाच्याने उघडून दिले होते, पासवर्ड त्याच्याकडे होता आणि घरातल्या संगणकावर तिची टपालपेटी कायम उघडी असायची. पोटगीच्या दाव्यात काय सांगायचे, स्त्रीधनातले काय कुणाकडे ठेवले आहे, हे तिने मला लिहिले होते. भावाला तडजोड हवी होती. पुढच्या तारखेच्या आधीच ते सगळे समोरच्या पक्षाला ठाऊक झाले. तिचा मला शेवटचा निरोप चार शब्दांचा होता : ‘ताई, आता लिहू नका.’

मी दोष दिला तो फुकटच्या टपालपेटीला. त्या रागात मी ‘सुरक्षित’ म्हणवणाऱ्या कंपन्या शोधायला लागले आणि मग दीड वर्ष त्यांची गोपनीयता धोरणे वाचत बसले. पाठचिकित्सेची जी थोडीफार सवय जुन्या पत्रांमुळे लागली आहे, तिच्याच आधाराने वाचली. हा लेख त्या वाचनाचा आहे. राग कितपत योग्य होता, ते पुढे येईलच.

या धोरणांची भाषा पाहण्यासारखी असते. ‘स्विस’ हा शब्द तिथे देशाचे नाव म्हणून येत नाही, सोवळ्याच्या अर्थाने येतो. ‘लष्करी दर्जाचे कुलूप’ हे तर जवळपास सगळ्यांकडे असते. ‘आम्ही तुमचा आदर करतो’ हे वाक्य ज्या कंपन्या आदर करत नाहीत त्यांच्याकडेही सापडते. गूगलने जीमेल २००४ साली सुरू केले आणि जाहिराती नेमक्या दाखवण्यासाठी यंत्राकडून टपाल वाचून घेण्याची पद्धत २०१७ मध्ये थांबवत असल्याचे जाहीर केले. म्हणजे तेरा वर्षे हे चालू होते, आणि लपूनछपून चालू नव्हते. आपणच धोरण वाचले नव्हते. मीही त्यातलीच.

पण जाहिरातदार हा या पत्रांचा एक वाचक झाला. न्यायालयाचा आदेश घेऊन येणारा वाचक वेगळा. त्याच्यासाठी टेक्सासमधल्या लाव्हाबिट या छोट्या कंपनीची गोष्ट नीट सांगायला हवी. लेडार लेव्हिसन यांनी ती २००४ मध्ये सुरू केली होती. २०१३ च्या उन्हाळ्यात, एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रे पत्रकारांच्या हाती दिल्यानंतर, एफबीआय लेव्हिसन यांच्या दारात आली. स्नोडेन यांचे खाते त्यांच्याकडे होते. सरकारला एका माणसाचे टपाल हवे होते. परंतु लाव्हाबिटच्या रचनेत सगळ्या खातेदारांची ये-जा त्याच किल्ल्यांनी बंद होत असे आणि मागणी झाली ती त्या किल्ल्यांची. एकासाठी सुमारे चार लाखांच्या पेट्या उघडता येण्याजोग्या झाल्या असत्या. लेव्हिसन यांनी किल्ल्या दिल्या, पण अकरा कागदांवर, चार पॉइंटच्या टायपात छापून! (या अंकाच्या जाहिरातींतली सर्वांत बारीक ओळ पाहा, ती याहून मोठी असेल.) हे वाचता येत नाही अशी सरकारपक्षाने तक्रार केली. न्यायालयाने दिवसाला ५,००० डॉलर दंड सुरू केला. शेवटी लेव्हिसन यांनी किल्ल्या हवाली केल्या आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी कंपनीच बंद करून टाकली.

या माणसाच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी सचोटी हा मुद्दाच उरला नव्हता. किल्ल्या त्याच्या हातात होत्या, म्हणून त्या मागता आल्या. तेव्हापासून कुठलेही धोरण हाती आले की मी विशेषणे सोडून देते आणि एवढेच शोधते : उद्या आदेश आला तर यांच्या हातात काय असेल?

जिनिव्हाची प्रोटॉन ही कंपनी याच प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आली. सर्न या प्रयोगशाळेत भेटलेल्या तरुण संशोधकांनी २०१४ मध्ये तिची टपालसेवा खुली केली. तिच्या रचनेत कुलूप खातेदाराच्या पासवर्डवर चालते. साठवलेल्या पत्रांचा मजकूर कंपनीलाही उघडता येत नाही. मजकुरापुरते हे खरे आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मात्र बातमी आली की फ्रान्समधल्या एका पर्यावरण-कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे तो कुठल्या जोडणीवरून खाते उघडतो याची खूण, प्रोटॉनने नोंदवून दिली. फ्रेंच पोलिसांची विनंती युरोपोलमार्फत स्वित्झर्लंडकडे गेली, तिथल्या अधिकाऱ्यांनी आदेश काढला आणि कंपनीने तो पाळला. पत्रांचा मजकूर गेला नाही, माणूस सापडला.

इथे पाठभेद पाहावा. तोवर कंपनीच्या दर्शनी पानावर म्हटले होते की आम्ही ‘बाय डीफॉल्ट’ आयपी पत्त्याच्या नोंदी ठेवत नाही. या प्रकरणानंतर ते वाक्य गेले आणि त्या जागी खासगीपणाचा आदर वगैरे सौम्य मजकूर आला. जुन्या वाक्यात खोटे काहीच नव्हते. ‘बाय डीफॉल्ट’ या शब्दांचा मराठी अर्थ ‘सहसा’ असा होतो, आणि ‘सहसा’चा इथला अर्थ ‘कुणी अधिकाराने सांगेपर्यंत’. आपल्याकडच्या करारनाम्यांत ‘यथाशक्य’ हा शब्द हेच काम करतो. कंपनी स्वतःच दरवर्षी सरकारी आदेशांचे आकडे प्रसिद्ध करते आणि ते हजारांत असतात. ‘स्विस’ या शब्दाचे सोवळे तिथे सुटते. उरतो तो कायदा असलेला एक देश. परदेशी पोलिसांना थेट काही देण्यास तो मनाई करतो आणि त्याच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांचे आदेश मात्र पाळायला लावतो. मला यात फसवणूक दिसत नाही. वाचकांनी, म्हणजे आम्ही, ते वाक्य अर्धेच वाचले होते.

जर्मनीतल्या हानोव्हरची तुटा (पूर्वीची तुटानोटा) एक पाऊल पुढे जाते : पत्राच्या ‘विषय’ या ओळीलाही कुलूप लावते. प्रोटॉनमध्ये ती ओळ तशा बंदोबस्तात नसते. ऐकायला हा बारकावा वाटेल. पण मला लिहिणाऱ्या निम्म्या बायका सगळा मजकूर विषयाच्याच ओळीत लिहितात आणि खालची मोठी चौकट रिकामी सोडतात! त्यामुळे माझ्यासाठी हा फरक निर्णायक ठरला. तरीही २०२० मध्ये कोलोनच्या न्यायालयाने तुटाला एका खात्यावर नजर ठेवण्याची सोय करायला लावली. कारण बाहेरून, समजा जीमेलवरून, आलेले पत्र उघडेच येते आणि आत आल्यावर त्याला कुलूप लागते. उंबरठ्यावरच्या त्या क्षणी त्याची नक्कल काढता येते. माझ्या बाजूने मी कितीही दारे लावली, तरी मी जिला लिहिते तिच्या पेटीत माझे पत्र उघडेच पडलेले असते. यावर उपाय आहे : दोघींनी आधी ठरवलेल्या शब्दाने उघडणारे पत्र पाठवता येते. तो शब्द फोनवर सांगायचा. तो फोन कुणाचा असतो आणि शेजारी कोण उभे असते, हा पुन्हा प्रश्न.

आता पाकिटाविषयी. इ-मेलचे मूळ नियम १९८२ मधले आहेत आणि त्यांत पत्राला पाकीट असते : कोणाकडून, कोणाला, केव्हा, कुठल्या कुठल्या यंत्रांतून. मजकूर कितीही झाका, पत्र पोहोचवायचे तर पत्ता कुणाला तरी वाचावाच लागतो. कागदी पत्रांवर काम करणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. तारीख नसलेल्या पत्राचा काळ आम्ही शिक्क्यावरून ठरवतो. पाठवणारीचे गाव, पोहोचायला लागलेले दिवस, दोन पत्रांमधले अंतर यांवरून तिच्या आयुष्याचा आराखडा मांडतो. मजकूर वाळवीने खाल्लेल्या एका गठ्ठ्यातून, निव्वळ शिक्क्यांवरून, एक बाई किती वेळा सासरी गेली आणि किती वेळा परत आली हे मी शोधून काढले होते आणि त्याचा मला अभिमान वाटला होता. त्या पोलिसांनी आयपी पत्त्यावरून जे केले ते याहून निराळे नाही. हे लक्षात आल्यावर मी काही दिवस या विषयावर लिहूच शकले नाही.

आपल्याकडे पाकीट उघडण्याचा अधिकार जुना आहे. टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यानंतरच्याच वर्षी, १८९८ मध्ये, पोस्ट ऑफिसचा कायदा झाला आणि त्याच्या कलम २६ ने सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षिततेच्या कारणावरून टपाल अडवण्याची मुभा सरकारला दिली. स्वातंत्र्यानंतरही ते कलम राहिले. ते आणखी विस्तारणारे १९८६ चे विधेयक संसदेत मंजूर झाले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. नुसते ठेवून दिले. नवा कायदा २०२३ चा, १८ जून २०२४ पासून लागू झालेला, आणि टपाल अडवण्याचे कलम त्यातही आहे. इ-मेलसाठी तोच अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे. मधल्या काळात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दोन्ही गोष्टी आज शेजारी शेजारी नांदतात.

इथवर मी एकाच बाजूने बोलते आहे, असे वाचकांना वाटले असेल. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्या. एम. नागप्रसन्न यांनी प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कार्यवाही सुरू करावी, असा आदेश केंद्राला दिला. बातमी वाचून मी आधी चिडले, मग तपशील वाचला. एका डिझाइन कंपनीतल्या स्त्री कर्मचाऱ्यांबद्दल त्या सेवेवरून अश्लील पत्रे पाठवली गेली होती आणि पाठवणारा सापडत नव्हता. म्हणजे माझ्या लेखिकांना जो पडदा हवा आहे, त्याच पडद्याआडून कुणीतरी दुसऱ्या बायकांना छळत होता. सगळी सेवाच बंद करणे हा मला आजही चुकीचा उपाय वाटतो. एका नालायकाच्या निनावी पत्रांसाठी गावाचे पोस्ट बंद करण्यासारखा. पण त्या बायकांना खासगीपणाची व्याख्याने ऐकवण्याची माझी तयारी नाही.

निवड मी केली ती तुटाची. पैसे भरून. जी कंपनी माझ्याकडून पैसे घेते तिला माझी पत्रे विकून जगावे लागत नाही, हे गणित मला एजंट म्हणून कळते. बर्लिनची पोस्टिओ आवडली होती; ती नाव विचारत नाही आणि महिन्याचा एक युरो पाकिटात घालून पाठवला तरी घेते. पण विषयाच्या ओळीने तुटाचा कौल लावला.

मात्र या निवडीची किंमत संशोधकाला वेगळीच मोजावी लागते. ही पत्रे माझ्या नेहमीच्या टपाल-प्रणालीत उतरवता येत नाहीत. त्यांच्याच प्रणालीतून बाहेर काढावी लागतात. पासवर्ड आणि परतीचा सांकेतिक क्रमांक दोन्ही हरवले, तर कंपनीही काही करू शकत नाही. आणि मी गेल्यावर? ट्रंक तरी कुणी फोडते. आपल्या भाषेतले कितीतरी पत्रसंग्रह वारसांच्या निष्काळजीपणामुळेच वाचले, कुणीतरी जाळायचे विसरले म्हणून. विसरण्यातून वाचण्याची ती सोय या कुलपात नाही. सांकेतिक क्रमांक मी एका कागदावर लिहून पोस्टाच्या पासबुकांबरोबर ठेवला आहे आणि तो कुणी वापरावा, कुठल्या पत्रांसाठी वापरू नये, तेही लिहिले आहे. हा बंदोबस्त तांत्रिक दृष्टीने कच्चा आहे, हे मला माहीत आहे.

उरला तो तिसरा वाचक, ज्याच्यापासून ही सगळी यातायात सुरू झाली : घरातला. त्याच्यापुढे जिनिव्हा, हानोव्हर, बर्लिन सगळी सारखीच. भाच्याने तुटाचे खाते उघडून दिले असते, तरी पासवर्ड त्याच्याकडेच असता. एकही धोरण त्याच्याबद्दल बोलत नाही. फुकटच्या टपालपेटीवरचा माझा राग म्हणूनच चुकीच्या पत्त्यावर गेला होता. आता नवीन बाई लिहू लागली की मी आधी कंपनीबद्दल विचारत नाही. फोन कुणाचा, तो रात्री कुठे ठेवतेस, खाते कुणी उघडून दिले, हे विचारते. तिघींना मी इ-मेल करू नका असेच सांगितले.

ज्या बाईपासून सुरुवात केली, तिचे गेल्या वैशाखात एक अंतर्देशीय पत्र आले. पाठवणाऱ्याची जागा कोरी. आत दोन पानी मजकूर, दाव्याचा निकाल आणि संग्रहात घ्यायला हरकत नाही, अशी एक ओळ. बाहेरचा शिक्का मात्र स्वच्छ उमटला होता. गाव, तारीख, सगळे वाचता येत होते. संग्रहासाठी प्रत काढताना मी त्या कोपऱ्यावर पोस्टाची एक रिकामी पावती ठेवली.