पोस्टरवरचे पुरुष, यादीतल्या बायका

समीर पाटील दिग्दर्शित ‘पोश्टर बॉईज’ (२०१४) लोकांना आठवतो तो हसवणारा चित्रपट म्हणून. दिलीप प्रभावळकर, हृषीकेश जोशी आणि अनिकेत विश्वासराव यांनी रंगवलेल्या तिघा गावकऱ्यांचे फोटो, त्यांना न विचारता, नसबंदीच्या सरकारी पोस्टरवर झळकतात. ठरत आलेली लग्ने अडतात, नवरा-बायकोत संशय शिरतो.

पुरुषपणाच्या फजितीवर हसणारे चित्रपट जगभर निघतात. २०११च्या एका आइसलँडी चित्रपटात दोन पुरुष ओसाड रस्त्यावर पट्टे रंगवता रंगवता आतून उसवत जातात. तिथे बघायला जवळपास कुणीच नसते. इथे मात्र सारा गाव बघतो. आपल्याकडे पुरुषपण अंगात कमी आणि चावडीवर जास्त असते, हे पाटील यांनी अचूक पकडले आहे.

माझा आक्षेप पुढे आहे. हे तिघे व्यवस्थेशी झगडतात ते आपली नसबंदी झालेलीच नाही, हे सिद्ध करण्यासाठी. झाली असती तर काय बिघडले असते, हा प्रश्न कथेच्या गाभ्याशी येत नाही. हसून झाल्यावरही नसबंदी म्हणजे नामर्दी, हे समीकरण बरेचसे शाबूत राहते.

आमच्या तुडीलसारख्या गावांत पुरुष मुंबईला आणि बाई घरी, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची विभागणी. ऑपरेशनच्या शिबिराला जायची ती बाईच. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : “गड्याला वजन उचलायचं असतं.” हे उत्तर ऐकणाऱ्या बाईच्या डोक्यावर तेव्हा लाकडाची मोळी असायची. वास्तविक पुरुषांची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची.

या भीतीला इतिहासही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. सक्तीची ती दहशत मनात बसली आणि पुढे सारा भार बायकांकडे सरकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) साधन म्हणून स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष-नसबंदीचे ०.३.

महाडकराला १९२७ साल चवदार तळ्यामुळे ठाऊक असते. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९३४मध्ये त्यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पाण्यावरचा हक्क आणि शरीरावरचा हक्क हे वेगळे प्रश्न नाहीत, हे त्या पिढीला कळले होते.

‘पोश्टर बॉईज’ने निषिद्ध विषय घराघरांतल्या हास्यात आणला, हे श्रेय त्याचेच. पण पोस्टरवर चुकून छापल्या गेलेल्या तीन पुरुषांना न्याय मागता आला. शिबिराच्या यादीत ज्यांची नावे दरवर्षी बिनचूक लिहिली गेली, त्या बायकांवर विनोदी चित्रपट निघणे कठीण. निघालाच, तर त्यात हसणार कोण?